नदीचं मूळ विचारणारे टिपणीस वकील

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, असं आपल्याकडे म्हणतात. टिपणीस वकील आयुष्यभर तेवढंच विचारत आले. पनवेलच्या कोर्टात ऋषी फारसे येत नसल्यामुळे कुळाचा प्रश्न निघाला नाही, पण मूळ मात्र त्यांनी कुणाचंच सोडलं नाही. बार रूममध्ये कुणी सहज म्हणालं, "आज साहेब दुपारनंतर बसणार नाहीत," की खिडकीजवळच्या खुर्चीतून आवाज येई, "कशावरून? तोंडी की लेखी? लेखी असेल तर सही कुणाची?" चहावाल्याने एकदा त्यांच्या चहात साखर कमी टाकली आणि वर सांगितलं, की तसा हुकूम आहे. तेव्हा टिपणीस सरांनी त्याला उभा केला. "हुकूम कुणाचा? डॉक्टरचा की आमच्या घरचा? दोघांचे अधिकार वेगळे आहेत." चहावाला दोन्ही हातांत कपांची ताटली घेऊन विचार करत राहिला आणि बाकीच्यांचा चहा गार झाला.

उंची बेताची, अंग काटकुळं, कान मात्र दुसऱ्या कुणा मोठ्या माणसाचे उसने आणल्यासारखे. काळा कोट इतका जुना, की उन्हात हिरवट दिसायचा. काखेत राज्यघटनेची प्रत. तिला टिपणीसकाकूंनी उशीच्या जुन्या अभ्र्याचं कव्हर शिवलं होतं, त्यावर फिकी गुलाबाची फुलं. एवढ्या मोठ्या देशाची घटना गुलाबांत गुंडाळून हिंडणारा दुसरा वकील मी पाहिला नाही. पण ती प्रत उघडलेली मी कधी बघितली नाही. कलम सांगायचं झालं की सर चष्मा काढत, डोळे मिटत आणि उजव्या हाताचं बोट जमिनीकडे रोखत. बाकीचे वकील कायद्याचं नाव घेताना बोट वर करतात. सर म्हणायचे, "वर काही नाही हो. जे आहे ते खाली आहे. खणायला लागा."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते वर्गात. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. आम्ही ठाण्याहून नवीन पनवेलला राहायला आलो होतो. दिवसा मी एका मालवाहतुकीच्या कंपनीत नोकरी करायचे आणि संध्याकाळी लॉ कॉलेजला जायचे. कॉलेज भरायचं एका प्राथमिक शाळेत. बाकं दुसरी-तिसरीच्या मुलांची, त्यामुळे आम्ही भावी वकील गुडघे हनुवटीला लावून न्यायशास्त्र शिकायचो. वर्गाच्या दारावर पाटी होती, 'पादत्राणे बाहेर काढावीत.' आम्ही काढली होती. सर बूट घालून सरळ आत आले.

"विषय, कायद्याचे उगम," ते म्हणाले. "वह्या बंद करा. तुम्ही सगळे अनवाणी का?"

"बाहेर पाटी आहे, सर," कुणीतरी म्हणालं.

"पाटी कुणी लावली?"

"शाळेने."

"शाळेला अधिकार कुणी दिला?"

मग ते आम्हाला त्या चपलांवरून पार दिल्लीपर्यंत घेऊन गेले. शाळा संस्थेची, संस्थेला मान्यता राज्याच्या शिक्षण खात्याची, खात्यामागे विधानसभेचा कायदा, विधानसभेमागे घटना. घटनेत अधिकारांच्या तीन सूची. एक केंद्राची, एक राज्याची आणि एक समवर्ती. "समवर्ती म्हणजे सामाईक नळ," सर म्हणाले. "पाणी दोघांचं, भांडण जन्माचं, पण हंडा आधी थोरल्याचा." शिक्षण या सामाईक नळावर, तेव्हा उद्या दिल्लीने ठरवलं की मुलांनी वर्गात चपला घालूनच बसावं, तर ही पाटी जागच्या जागी मेली. तास संपता संपता त्यांनी सिद्ध केलं, की आम्हाला अनवाणी बसवण्याचा अधिकार त्या इमारतीत कुणालाच नाही.

तेवढ्यात शाळेचे शिपाई मामा दारात आले. "वकीलसाहेब, आत्ताच लादी पुसली होती."

सर निमूटपणे वाकले, बूट काढले, बाहेर नेऊन आमच्या चपलांच्या रांगेत ठेवले आणि मोज्यांवर परत आले. "ही कार्यकारी सत्ता," ते म्हणाले. "हिच्या उगमाबद्दल पुढच्या तासाला बोलू." पुढच्या तासाला ते भलत्याच विषयावर बोलले.

उगमांची ते उतरंड सांगायचे. सगळ्यात वर घटना. तिच्याखाली संसदेचे आणि विधानसभेचे कायदे, त्यांच्याखाली नियम आणि अधिसूचना, बाजूला टेकून वरच्या कोर्टांचे निवाडे, आणि पार तळाला, अंधारात, रूढी. उरणकडचा एक विद्यार्थी एकदा म्हणाला, "पण सर, उतरंडीत सगळ्यात मोठं मडकं तळालाच असतं ना?" सर खडू खाली ठेवून म्हणाले, "परीक्षेत असं लिहू नका."

रूढीवर त्यांचा राग होता असं नाही, पण तिला ते पाहुण्यांसमोर आणत नसत. "रूढी म्हणजे ज्याची सही सापडत नाही असा हुकूम," ते म्हणायचे. कोर्टाने ती मानायची तर ती फार जुनी हवी, अखंड चालत आलेली हवी, न्यायाची हवी. आणि तिच्या बाजूने कुणी 'पहिल्यापासून आहे' एवढंच म्हणालं, तर सर उखडत. "पहिल्यापासून म्हणजे कधीपासून? मंगळवारपासून?"

सहामाही परीक्षेत त्यांनी आम्हाला प्रश्न घातला होता: 'करंज्याच्या किनाऱ्याजवळ एक बोंबील आहे. तो कोणत्या कायद्याखाली पोहतो, ते सकारण लिहा.' उत्तर असं होतं, की किनाऱ्याजवळ आहे तोवर बोंबील राज्याचा. ठरलेल्या हद्दीपलीकडे खोल समुद्रात गेला की केंद्राचा. मोठ्या बंदराच्या हद्दीत शिरला तर जवळ असूनही केंद्राचाच, पण वेगळ्या खात्याचा. आणि पनवेलच्या बाजारात आला की नगरपालिकेचा. मी हे सगळं लिहून शेवटी विचारलं होतं, 'आणि तव्यावर?' सरांनी लाल शाईने शेरा मारला, 'तेथे अपील नाही.'

अपील नव्हतंच. लाइन आळीतल्या त्यांच्या घरी काकूंचा शब्द शेवटचा. काकू शांत, गोऱ्या, हसताना तोंडाला पदर लावणाऱ्या. मी सरांची ज्युनिअर झाल्यावर त्या घरी जाणं-येणं वाढलं. वालाचं बिरडं असेल त्या दिवशी भिजलेले वाल सोलायला सरांना बसवलं जाई आणि ते वाल सोलत सोलत मला अशिलाचं म्हणणं मांडायला शिकवत. त्या घरात सोमवारी मासळी शिजत नसे. सरांना बाजारात ताजा बोंबील दिसला आणि दिवस सोमवार निघाला, की त्यांच्यातला घटनातज्ज्ञ जागा होई.

"हा नियम कुणाचा?"

"सासूबाईंचा," काकू म्हणत.

"आई जाऊन वीस वर्षं झाली."

"जाताना त्यांनी मागे घेतला नाही."

यावर सर बाजाराची पिशवी परत खुंटीला अडकवत. त्यांनी मला सांगितलं, की अध्यादेशाची मुदत संपते हे काकूंना त्यांनी लग्नानंतर लगेच समजावून सांगायला हवं होतं, आता उशीर झाला.

बाहेर मात्र ते कुणाला हटत नसत. उड्डाणपुलाखाली एकदा वाहतूक पोलिसाने त्यांना हेल्मेटसाठी अडवलं. स्कूटर बाजूला घेऊन सरांनी चष्मा काढला, बोट डांबराकडे केलं आणि वाहनांचा कायदा केंद्राचा, नियम राज्याचे आणि अंमल तुमचा, हे त्याला सांगायला सुरुवात केली. मी मागच्या सीटवरून उतरून दुसऱ्याच कुणाची वाट बघत असल्यासारखी उभी राहिले. न्हावा शेव्याकडे जाणारे ट्रेलर मागे तुंबले. शेवटी पोलीस म्हणाला, "काका, जा तुम्ही." कोणीही आनंदाने निघून गेला असता. सर भडकले. "जा म्हणजे काय? माझा गुन्हा झालाय. मला दंड करा, पण कुठल्या कलमाखाली ते पावतीवर लिहा." त्या बिचाऱ्याला ते कलम आठवेना. सरांनीच सांगितलं, स्वतःच्याच पावतीवर नीट लिहून घेतलं आणि समाधानाने, तसेच हेल्मेटशिवाय, कोर्टात आले.

अशा माणसाकडे हिराबाय आली.

हिराबाय करंज्याची कोळीण. नवरा दोन वर्षांपूर्वी आजाराने गेला होता. पदरात एक लग्नाची मुलगी, सुगंधा. नवऱ्याचा धंदा डोल जाळ्याचा. समुद्रात खुंट ठोकतात, त्याला हे पिशवीसारखं जाळं बांधतात. भरती-ओहोटीच्या पाण्याने ते फुगतं आणि मासळी आत येते. खुंटांची जागा ज्याच्या त्याच्या घराण्याची ठरलेली. दुसऱ्याच्या जागेवर कुणी खुंट ठोकत नाही. पण हिराबायचा नवरा गेल्यावर तिच्या दिराने, हसूरामने, त्या जागेवर आपला खुंट ठोकला. खालच्या कोर्टात ती हरली होती आणि आता अपील पनवेलला आलं होतं.

"दीर म्हनतो, जागा पोरग्याला जाते," ती सांगत होती. "बाईला नाय, पोरीला नाय. मना पोरगा नाय. मग आमी दोघींनी काय करायचा? होडी हाय, जालं हाय, पोरगी बापासंगती लहानपनापासून पान्यात गेलीय. फकस्त जागा नाय."

"जागा तुमच्या नवऱ्याची, हे कुठे लिहिलंय?" सरांनी विचारलं.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. "पान्यावर कोन लिवतं, वकील?"

सरांनी केस घेतली, आणि घेतल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण कशात पाय घातलाय. समुद्र कुणाच्या बापाचा नाही. कागदावर अशी जागा नाहीच. ती आहे ती केवळ गावाच्या रूढीत. म्हणजे हिराबायची जागा उभी करायची तर आधी रूढी उभी करायला हवी. आणि तीच रूढी म्हणते की बाईला जागा नाही. ते तोडायला केंद्राचा वारसा कायदा हवा. त्या सुमारास मुलींना बरोबरीचा हिस्सा देणारी सुधारणा नुकतीच झाली होती आणि सर तिच्यावर बेहद्द खूश होते. पण रूढीचं डोकं धरायचं आणि शेपूट कापायचं, हे जमवायचं कसं? चार दिवस त्यांनी बार रूममध्ये कुणालाच काही विचारलं नाही. लोकांना वाटलं तब्येत बरी नाही.

हसूरामचा वकील पालकर. तोही सरांचाच विद्यार्थी, माझ्या आधीच्या तुकडीतला. युक्तिवादाला उभा राहिला तो आधी सरांना नमस्कार करून. मग म्हणाला, "साहेब, माझ्या गुरूंनी आम्हाला शिकवलंय की 'पहिल्यापासून आहे' हा पुरावा नव्हे. आज तेच म्हणतात, जागा पहिल्यापासून आहे. बरं, असू दे. मग बाईला जागा नाही हेही पहिल्यापासून आहे. पण ते त्यांना नको. कोंबडीचा पुढचा भाग कापून खायचा आणि मागचा अंडी द्यायला ठेवायचा, याला शास्त्रात अर्धकुक्कुटी न्याय म्हणतात." न्यायाधीशांनी हसू लपवायला पेला तोंडाला लावला.

सर उठले. चष्मा काढला. बोट फरशीकडे केलं, मग वळून मागे पाहिलं. मागच्या बाकावर हिराबाय आणि सुगंधा बसल्या होत्या. सर म्हणाले, "साहेब, कोंबडी अखंड आहे, मान्य. माझा प्रश्न एवढाच, की ती अख्खी दिराच्या खुराड्यात कशी गेली?" मग मात्र त्यांनी तास-दीड तास मांडणी केली. जागा आहे हे रूढी सांगते. पण माणूस मेल्यावर त्याचं जे काही असेल ते कुणाला जायचं, हे सांगण्याचा रूढीचा अधिकार संसदेने काढून घेतलाय. इतकं सरळ बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

आम्ही जिंकलो. हिराबाय सुक्या बोंबलांची मोठी जुडी घेऊन सरांच्या घरी आली, तो नेमका सोमवार होता. काकूंनी जुडी मंगळवारपर्यंत गॅलरीत टांगून ठेवली आणि अख्ख्या बिल्डिंगने निकालाचा वास घेतला.

निकालाची नक्कल आमच्या हातात पडायच्या आत केंद्राची अधिसूचना आली. मोठ्या जहाजांची वाट रुंद होणार होती. त्या पट्ट्यात यापुढे जाळं लावायचं नाही, खुंट ठोकायचा नाही. हिराबायची जागा त्या पट्ट्याच्या मधोमध होती.

सरांनी तो कागद उलटून-पालटून वाचला. खुर्ची सरकवून खिडकीच्या उजेडात धरला. त्यांना चूक हवी होती. सही बरोबर होती, कलम बरोबर होतं, सूची बरोबर होती. कशाचं मूळ विचारलं आणि ते इतकं स्वच्छ सापडलं, असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं असेल. त्यांनी कागद घडी करून घटनेच्या कव्हरात सरकवला, गुलाबांच्या आत.

"पन आमी जिकलो ना?" हिराबायने विचारलं.

"जिंकलो."

"मग जालं कुठं लावू?"

सर घटनेचं कव्हर नीट करत राहिले. मला त्या क्षणी कायद्याचा, त्या जहाजांचा, त्या गुलाबाच्या फुलांचासुद्धा राग आला. सुगंधाने आईचा हात धरला आणि दोघी उरणची बस पकडायला गेल्या.

जागा एकट्या हिराबायची गेली नव्हती, बऱ्याच घरांची गेली. हसूरामचीही गेली. उरलं ते अलीकडचं उथळ पाणी, आणि ते वाटून घ्यायला गावकीची बैठक बसणार होती. हिराबाय पुन्हा आली. बैठकीत घरटी एकेक पुरुष बसणार आणि जागा वाटून घेणार. तिच्या घरात पुरुष नव्हता. आता चुकलं तर सुगंधाला होडी विकून कुणाच्या तरी गोडाऊनमध्ये मजुरीला जावं लागणार, आणि हे ती रडत नव्हे, रागाने सांगत होती.

"इथे माझा कायदा संपतो, हिराबाई," सर म्हणाले. "कोर्ट असलेली जागा देऊ शकतं. नसलेली नाही."

"तुमी नुसतं येऊन बसा," ती म्हणाली.

आम्ही गेलो. जेट्टीवर बोंबील वाळत घातलेले, पलीकडे देवळाच्या सभामंडपात बैठक. दाराशी चपलांचा ढीग. सरांनी कुणी सांगायच्या आत बूट काढले, ते बघून मी हसू दाबलं. आत पन्नासेक पुरुष गोल बसले होते आणि खांबाआड बायका उभ्या होत्या. दोन तास आरडाओरडा झाला. जो तो आपल्या जुन्या जागेच्या मापाने नवी जागा मागत होता, आणि तेवढं पाणीच नव्हतं. शेवटी म्हातारे पाटील कंटाळून सरांकडे वळले. "वकील, तुमी शिकलेले. काय तरी बोला."

सर उठले. चष्मा काढला नाही, बोटही खाली केलं नाही. मला ते फार लहान दिसले. म्हणाले, "जागा कुणाच्याच नावाने नको. पाळी लावा. अमावस्या-पौर्णिमेचं उधाण येतं तेव्हाच खरी मासळी मिळते, तर पाण्यात मावतील तेवढ्या घरांची एकेका उधाणाला पाळी. आणि पाळी माणसाची नाही, चुलीची. ज्या घरात चूल पेटते, त्या घराला एक उधाण."

विधवेच्या घरात पुरुष नाही असं म्हणता येतं, चूल नाही असं कोण म्हणणार?

"हे कुठं लिवलंय?" मागून कुणीतरी ओरडलं.

सरांनी घटनेची प्रत एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

"आमच्यात असा कदी नवता," हसूराम म्हणाला. तो सगळ्यात पुढे बसला होता. "पाळी बाईला कशी जाईल?" पण बोलता बोलता तो थांबला. त्याचे दोन मुलगे गेल्याच वर्षी वेगळे झाले होते. त्याच्या घराण्यात आता तीन चुली होत्या. त्याने आढ्याकडे बघितलं, मग मुलांकडे बघितलं आणि म्हणाला, "चालंल." सरांनी तो हिशेब आधीच करून ठेवला होता, असं मला आजही वाटतं. त्यांनी कबूल मात्र कधी केलं नाही.

पाटील म्हणाले, तुमच्या अक्षरात लिहून द्या आणि खाली सही करा. सरांनी साफ नकार दिला. "लिहिलं की उद्या कुणीतरी विचारणार, कुणाच्या अधिकारात लिहिलं. नुसतं पाळा."

परत येताना रस्ता कंटेनरच्या गाड्यांनी भरलेला होता. आमची रिक्षा मुंगीच्या पावलाने चालली होती. सर म्हणाले, "दांडेकर, जन्मभर मी मूळ शोधत लोकांच्या मागे लागलो. आज सगळे माझ्याकडे बघत होते. फार वाईट वाटतं हो तसं उभं राहताना." त्यांचं ते बोट मांडीवरच्या घटनेच्या गुलाबांवरून फिरत होतं आणि ते पाहून मला त्यांच्याबद्दल जी माया वाटली, ती त्यांच्या कुठल्याही युक्तिवादाने वाटली नव्हती.

त्यानंतर आठ-नऊ वर्षं गेली असतील. सरांनी कोर्ट सोडलं. त्या मोठ्या कानांत यंत्र आलं, हातात काठी आली. घटनेची प्रत त्यांनी मला दिली, कव्हर मात्र काकूंनी परत मागून घेतलं. एकदा उरणला माझं काम निघालं तेव्हा सर म्हणाले, मलाही घेऊन चला, सुका बोंबील घ्यायचाय. दिवस बुधवार होता, त्यामुळे घरून हरकत नव्हती.

करंज्याच्या जेट्टीवर पोचलो तर भांडण चाललेलं. काळ्यासावळ्या अंगाचा एक तरणा गडी, त्या बैठकीच्या वेळी चौथी-पाचवीत असेल, हातवारे करत होता आणि त्याच्यासमोर हसूराम उभा होता, केस पार पांढरे, आवाज तोच. बाजूला एक तरुण बाई टोपली कमरेला लावून उभी. कपाळ मोकळं. मागच्या होडीत सुगंधा जाळं उलगडत होती, ती हात थांबवून बघत होती. दोन वाक्यांत सगळं कळलं. बाईचा नवरा गेला होता, पुढचं उधाण तिच्या पाळीचं होतं आणि तो गडी, तिचा दीर, म्हणत होता की भाऊ गेला, आता पाळी माझी.

"पाळी मानसाची नाय, चुलीची हाय," हसूराम त्याला दरडावत होता. "तिची चूल पेटते ना? मग तिची पाळी. बाईमानसाची पाळी खायची नाय. आमच्यात पयल्यापासून असाच हाय."

"पयल्यापासून म्हंजे कदीपासून?"

"माज्या आज्याच्या वक्तापासून."

"कोन सांगतं?"

हसूरामने इकडेतिकडे बघितलं आणि त्याला सर दिसले. त्याच्या चेहऱ्यावर ना संकोच, ना लाज. "यो बग, टिपणीस वकील. कोर्टातला मानूस. यांना इचार. सांगा वो वकील, पयल्यापासून हाय ना?"

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. हसूरामला ठाऊक होतं, सुगंधाला ठाऊक होतं, सरांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. बैठकीनंतर लग्न होऊन गावात आलेल्या त्या बाईला ठाऊक नव्हतं. ती टोपली घट्ट धरून सरांच्या तोंडाकडे बघत होती आणि पुढच्या उधाणाला तिच्या घरात काय शिजणार, ते सरांच्या जिभेवर होतं. साखर कुणी कमी केली याचासुद्धा पुरावा मागणारा हा माणूस. मला वाटलं, आता चष्मा काढतील आणि सभामंडपातल्या त्या दुपारची खरी हकीकत महिना-वर्षासकट सांगून टाकतील.

त्यांनी चष्मा काढला. डोळे मिटले. बोट जेट्टीच्या ओल्या दगडांकडे केलं.

"पहिल्यापासून आहे," ते म्हणाले.

तो गडी सहजासहजी ऐकणारा नव्हता. "कशावरून?"

सरांनी डोळे उघडले, चष्मा पुसला, परत घातला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "नदीचं मूळ विचारू नये, बाळा."

गडी पुटपुटत निघून गेला. बाईने टोपली डोक्यावर घेतली आणि सुगंधाच्या होडीकडे गेली. हसूरामने सरांसाठी बोंबील निवडून दिले. त्यानंतर मला सर असे हिंडता-फिरताना पुन्हा दिसले नाहीत, म्हणून ती दुपार माझ्या चांगली लक्षात आहे. गाडीत बसल्यावर त्यांनी बोंबलाची पिशवी मांडीवर घेतली, कानातलं यंत्र नीट केलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले. गव्हाण फाटा मागे पडला तेव्हा माझ्याकडे न बघताच म्हणाले, "दांडेकर, परीक्षेत असं लिहू नका."